'नेशन बिल्डिंग'ला मराठीत काय म्हणावं? आणि मदत, कुमक, कौल यांच्याबद्दल थोडं

विचारणा
अफगाणिस्तानवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. दर परिच्छेदात 'नेशन बिल्डिंग' आहे. 'राष्ट्रउभारणी' लिहिलं की साने गुरुजी आणि श्रमदान डोळ्यांपुढे येतं. इथे तर परदेशी फौजा खांद्याला बंदूक लावून शाळा बांधताहेत. दुसरा शब्द आहे का? आणि 'एड'ला मदत म्हणू की साहाय्य?

प्रतिसाद
राष्ट्रउभारणी करणारे आपले आपणच असतो, म्हणून खटकतंय. शिवाय २००१ च्या बॉन करारानंतर काबूलमध्ये जे उभारायला घेतलं ते पोलीस, कोर्टं, करवसुली, सैन्य. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत याला 'राज्यसंस्था' म्हणतात. 'राज्यसंस्थेची उभारणी' लिहा. नुसतं 'राज्यउभारणी' नको, वाचकाला वाटेल वेगळ्या विदर्भाचं चाललंय.

प्रतिसाद
मी 'मदत'पाशी थांबतो, खरी गंमत तिथे आहे. मूळ अरबी 'मदद'. लढणाऱ्यांच्या पाठीशी धाडलेल्या ताज्या तुकड्या हाही तिचा तिकडचा अर्थ. आपल्याकडे मात्र शेजारणीकडे पापड लाटायला जाणं हीसुद्धा मदतच. 'कुमक' तुर्कीतून आली, फारसीत तिचा अर्थ साधी मदत. काबूलच्या दरी भाषेत आजही गहू येवो की डॉलर, ती 'कुमक'च. मराठीत कुमक म्हटलं की गडाला पडलेला वेढा आणि मागून येणारी फौज! दोन्ही शब्दांनी वाटेत अर्थांची अदलाबदल केली.

आणि अफगाणिस्तानात ती अदलाबदल प्रत्यक्षात झाली. अमेरिकन लष्कराच्या २००९ च्या एका पुस्तिकेच्या नावातच पैशाला 'वेपन्स सिस्टिम' म्हटलंय. विहीर, रस्ता, शाळा यांसाठी कमांडरच्या हाती वेगळा निधी असायचा. त्याआधी २००४ मध्ये दक्षिणेत पत्रकं वाटली गेली: मदत चालू राहायला हवी, तर तालिबानची खबर द्या. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेने त्याचा जाहीर निषेध केला. त्याच वर्षी जूनमध्ये बादघीस प्रांतात त्यांचे पाच कर्मचारी मारले गेले आणि पुढे संस्थेने देश सोडला. त्या पत्रकातल्या 'मदती'ला मला तरी मराठीत मदत म्हणवत नाही. कुमक म्हणा.

मूळ विचारणारा
पटलं, पण संपादक 'कुमक' कापतील. तलवार आणि नांगर दोन्ही सांगणारा एखादा जुना शब्द नाही का आपल्याकडे?

प्रतिसाद
आहे की. 'मुलूख वसवणे'. फौजा तुडवून गेल्या, गाव ओस पडलं, की रयतेला 'कौल' द्यायचा. कौल म्हणजे सरकारचा लेखी शब्द: परत या, जिवाला धक्का नाही, पडीक जमिनीला सुरुवातीला नाममात्र सारा, मग वर्षागणिक चढता. त्या चढत्या साऱ्याला 'इस्तावा'. बी-बैलांसाठी 'तगाई', म्हणजे कर्ज, फुकटची खिरापत नव्हे. आदिलशाही फौजेने गाढवाचा नांगर फिरवलेलं पुणं दादोजी कोंडदेवांनी असंच वसवलं, असं बखरी सांगतात.

कौलाच्या मागे ठाणं आणि शिबंदी लागायचीच, नाहीतर तो नुसता कागद. पण क्रम बघा: आधी अभय, मग जमीन, पैसा सगळ्यात शेवटी. काबूलमध्ये पैसा सगळ्यांच्या आधी पोचला.

प्रतिसाद
एवढे गहिवरू नका. दुसऱ्याचा मुलूख लुटायला आपल्याच फौजा जायच्या, त्याला 'मुलूखगिरी' हा झोकदार शब्दही आपलाच. बंगालमध्ये अंगाईगीतात मुलांना बर्गी आल्याचं सांगतात. तो बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. त्याने तिथे कोणाला कौल दिल्याचं ऐकिवात नाही.

प्रतिसाद
भारताच्या कामांना काय म्हणाल? जरंज-देलाराम हा २१८ किमीचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने बांधला, जानेवारी २००९ मध्ये अफगाण सरकारच्या हाती दिला. लढणारं सैन्य आपण पाठवलं नाही, पण बांधणाऱ्यांभोवती आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) जवान पहाऱ्याला होतेच. रस्त्याला मी बिनदिक्कत मदत म्हणेन, पहाऱ्याला 'बंदोबस्त'. तोही शब्द एकेकाळी सारापद्धतीचा होता, आता गणपतीत चौकाचौकात उभा असतो.

मूळ विचारणारा
ठरलं: सर्वसाधारणपणे 'राज्यसंस्थेची उभारणी', आणि पत्रकांच्या उल्लेखात 'मदत' अवतरणचिन्हांत. एकच अडतंय. लेखात अमेरिकेचा 'पुनर्बांधणी'वरचा खर्च सुमारे १४५ अब्ज डॉलर दिलाय. पुनर्बांधणीच लिहू ना?

प्रतिसाद
लिहा, त्यांच्या हिशेबात तोच शब्द आहे. फक्त त्यातले निम्म्याहून जास्त अफगाण सैन्य आणि पोलिसांवर गेले, हे लगेच पुढच्या वाक्यात येऊ द्या. नाहीतर वाचक विटा मोजत बसेल.