मदत हवी आहे: सुट्टीत पाढे, भागाकार आणि शुद्धलेखन कसं टिकवावं? (चौथीतून पाचवीत)

अंगणवेल:
मुलगी मराठी माध्यमात आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. दहापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणते, पण 'सात आठे किती' विचारलं की 'सात एके सात'पासून सुरू करते. भागाकारात मधलं शून्य गाळते. लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आहे. सुट्टी सहा आठवड्यांची, त्यातले दोन आजोळी. जूनमध्ये पाटी कोरी व्हायला नको, पण सुट्टीची शाळाही करायची नाही. सरावपुस्तिका आणली आहे. रोज किती वेळ आणि नेमकं काय करून घ्यावं?

पाटीवरचे_अंक:
पुस्तिका बाजूला ठेवा. एका पानावर एकाच प्रकारची वीस उदाहरणं असतात. दोन सोडवली की मूल रीत आठवत नाही, वरचं बघून खालचं करतं. टिकतं ते आठवावं लागलेलं. वीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, एवढं पुरतं. त्यात पाच-सात मिनिटं पाढे आणि मग चारच उदाहरणं, चारही वेगळी: एक भागाकार, एक गुणाकार, एक शून्यावरून हातचा घ्यावा लागणारी वजाबाकी (४०२ − १६७ सारखी) आणि एक शाब्दिक.

पाढे ओळीने म्हणताना चाल पाठ होते, गुणाकार नाही. २ ते ९ च्या पाढ्यांत ६×८ आणि ८×६ एकच धरले तर ३६ गुणाकार होतात. २ आणि ५ चे पाढे बहुतेक मुलांचे पक्के असतात. ते वगळले की उरतात फक्त २१. जुन्या लग्नपत्रिका कापून तेवढी कार्डं करा, पुढे '७×८', मागे '५६'. तीन डबे घ्या. पहिल्यातली कार्डं रोज विचारायची, दुसऱ्यातली एक दिवसाआड, तिसऱ्यातली आठवड्यातून एकदा. तीन सेकंदांत उत्तर आलं तर कार्ड पुढच्या डब्यात. चुकलं, किंवा मनातल्या मनात पाढा म्हणावा लागला, तर परत पहिल्यात. सुरुवात सहा कार्डांनी करा. सगळी एकदम काढली तर पहिला डबा भरलेलाच राहतो आणि मूल कंटाळतं.

आता शून्य. ६१२ ÷ ६ घ्या. शतकाच्या ६ ला १ चा भाग लागला. दशकाचा १ खाली उतरवला, त्यात ६ चा भाग जात नाही, म्हणून मूल लगेच २ उतरवून १२ करतं आणि उत्तर १२ लिहितं. 'भाग जात नाही' हेसुद्धा उत्तरात लिहायचं असतं, ही गोष्ट त्याला कुणी वेगळी सांगितलेली नसते. उपाय असा: आधी विचारा, पहिल्याच अंकाला भाग जातो का? जात असेल तर तीन अंकी संख्येला उत्तराच्या जागी तीन चौकटी, नसेल तर दोन. पुढे उतरवलेल्या प्रत्येक अंकासाठी एक चौकट भरायचीच. रिकामी राहिली की चूक तिची तिलाच दिसते. शेवटी पडताळा: भाजक × भागाकार + बाकी. ६ × १२ = ७२, म्हणजे कुठेतरी चुकलं. सरावाला ८२४ ÷ ४, ७३५ ÷ ७ द्या. ते जमलं की ८४३ ÷ ४, कारण शेवटचं शून्य (भागाकार २१०, बाकी ३) जास्त निसटतं.

वेलांटी:
शुद्धलेखनासाठी चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. तिसऱ्या वेळेपासून फक्त हात चालतो. आठवड्यातून तीनदा पाच वाक्यांचं श्रुतलेखन घ्या आणि सुट्टीभर दोनच नियम धरा. एक, मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ: पाणी, वाटी, पेरू. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद सुरुवातीलाच सांगून टाका. दोन, शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागल्यावर ते ऱ्हस्व होतं: दूध–दुधात, फूल–फुलाला, विहीर–विहिरीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तसेच राहतात (सूर्य–सूर्याला), ते सध्या श्रुतलेखनात आणूच नका. वाक्यं जोडीने द्या: 'दूध सांडलं. दुधात साखर घाल.' फरक कानाला फारसा कळत नाही, तो नियमानेच पकडावा लागतो, म्हणून तपासताना लाल खूण करण्याआधी 'प्रत्यय लागलाय का?' एवढंच विचारा.

वाचनाला 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर सोपी गोष्ट निवडा. पाचवीचं पुस्तक मात्र आताच शिकवून संपवू नका, जूनमध्ये वर्गात तिचं लक्ष लागणार नाही.

अंगणवेल:
खूप आभार! आजोळच्या दोन आठवड्यांचं काय करू? तिथे वही घेऊन कुणी बसवणार नाही.

पाटीवरचे_अंक:
वही नकोच. पहिल्या दोन डब्यांतली कार्डं रबर लावून पाठवा. उत्तर मागे लिहिलेलं असल्याने आजी-आजोबा, मामेभावंडं कुणीही विचारू शकतं. तिसरा डबा घरीच राहू द्या. परत आल्यावर पहिल्या दिवशी तो विचारा, चार-सहा कार्डं मागे येतील, ते अपेक्षितच आहे. भागाकार त्या दिवशी दोनच द्या आणि चौकटी तुम्ही आखून द्या. तिसऱ्या दिवसापासून तिच्या तिला आखू द्या.