मदत हवी आहे: तांबड्या पेशींच्या व्हेसिकल्स की नुसता गाळ?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमएस्सी करतेय. प्रकल्प सिकलसेलच्या रुग्णांमधल्या तांबड्या पेशींच्या व्हेसिकल्सवर आहे.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि त्या काळात आपल्या पडद्याचे बारीक बुडबुडे, म्हणजेच व्हेसिकल्स, सोडत राहते. निरोगी माणसातही हे चालतं, खराब झालेलं हिमोग्लोबिन बाहेर टाकायची ती एक वाट आहे. सिकलसेलमध्ये मात्र त्यांचं प्रमाण बरंच वाढतं. त्यांच्या बाहेरच्या बाजूला आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिन या पडद्यातल्या मेदामुळे रक्त गोठायला चालना मिळते, म्हणून मला हा विषय इतका महत्त्वाचा वाटतो.

अडचण अशी. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये २,५०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट जोराने) १५ मिनिटं, असं दोनदा फिरवते. मग ग्लायकोफोरिन ए (तांबड्या पेशींची खूण असलेलं प्रथिन) ओळखणारी अँटिबॉडी आणि अ‍ॅनेक्सिन व्ही (फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटणारं प्रथिन) लावून फ्लो सायटोमीटर या एकेक कण मोजणाऱ्या यंत्रावर बघते. अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं, ते मी फॉस्फेट बफरमध्येच घातलं होतं. ट्रायटन हे डिटर्जंट टाकल्यावर व्हेसिकल्स फुटून सिग्नल जायला हवा, पण निम्म्याहून जास्त ठिपके तसेच राहतात! हा कॅल्शियम फॉस्फेटचा साका असावा असा माझा संशय आहे. फॉस्फेट नसलेला हेपीस बफर वापरून कुणाला फरक पडला का?

दुसरं, नमुने नंदुरबारहून रात्रभर प्रवास करून येतात. हादऱ्यांनी नळीतच नव्या व्हेसिकल्स सुटत असणार. प्लाझ्मा तिथेच वेगळा करून गोठवून आणावा का? रुग्णांनी विश्वासाने दिलेलं रक्त आहे, एकही नळी वाया घालवायची नाहीये. पुण्यात कुणी हे काम केलं असेल तर प्लीज कळवा, मी येऊन भेटेन.