मदत हवी आहे: करडईच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल शुद्ध होईना
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी दादरहून घाण्याचं करडईचं तेल आणलं. अल्कोहोलमधल्या पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) साबण केला, आम्ल मोकळं केलं, गरम मिथेनॉलमध्ये युरिया घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी फ्लास्क पांढऱ्या सुयांनी गच्च! सरळ साखळीची संपृक्त आम्लं युरियात अडकतात, दोन सिस (साखळीला बाक देणाऱ्या) दुहेरी बंधांनी वाकलेलं लिनोलेइक द्रावणात उरतं, इथवर ठीक.

पण यूव्ही (अतिनील) वर्णपटात 233 नॅनोमीटरला शिखर दिसतंय, म्हणजे काही रेणूंत दोन दुहेरी बंध सरकून जवळ आलेत (संयुग्मित झालेत). पोटॅशने बंध सरकवले म्हणावं तर त्याला 180 अंशांच्या आसपास तापमान लागतं, मी साध्या रिफ्लक्सवरच (अल्कोहोल उकळेल इतक्याच तापमानाला) होतो. की हवेनेच घात केला? ऑक्सिजन लागून होणारं हायड्रोपेरॉक्साइडही तिथेच दिसतं. (हवा दूर ठेवायला लागणारा आमचा नायट्रोजनचा सिलिंडर कायम रिकामा, तो विषय वेगळा.)

आधी पेरॉक्साइड व्हॅल्यू (पेरॉक्साइड किती झालंय त्याचं माप) काढू का? उरलेलं आम्ल वाचेल का?