रस्त्यात छेड काढली, तेव्हा आजूबाजूचे काय करत होते?

छेडछाडीचा विषय निघाला की मुलीने काय घातलं होतं, किती वाजता बाहेर पडली, इथेच गाडी अडते. मला दुसरंच विचारायचंय. तेव्हा आसपास माणसं होती ना? त्यांनी काय केलं? पुण्यातले अनुभव लिहा, नावं नकोत. सुरुवात मी करते.

स्वारगेटहून कात्रजला जाणारी संध्याकाळची बस, पाय ठेवायला जागा नाही. मागचा माणूस ब्रेक लागला की अंगावर यायचा, मग ब्रेक न लागताही. मी सॅक दोघांच्या मध्ये धरली, तरी कोपर येतंच होतं. ओरडले तर म्हणतो, "एवढं असेल तर रिक्षाने जा." दोघं-तिघं हसले. ते हसणं मला जास्त लागलं. कंडक्टर मात्र गर्दीतून वाट काढत आले, घंटी मारून गाडी थांबवली आणि त्याला म्हणाले, "उतर खाली, तिकिटाचे पैसे मी देतो."

सदाशिव पेठ
मी साठी ओलांडलीय. कॉलेजला सायकलवर जायचे, तेव्हा मुलं शेजारून सायकल घालून ओढणी खेचायची. आईला सांगितलं, तर म्हणाली, "वडिलांजवळ बोलू नकोस, कॉलेज बंद करतील." मग ओढणीला दोन्हीकडे सेफ्टी पिना.

कोथरूड
ढोल पथकात वाजवते. ढोल कमरेला बांधलेला, एका हातात टिपरू. विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर मागून कुणीतरी चिमटा काढला. ढोल घेऊन धावणार कशी? पुढच्या वर्षीपासून पथकातल्या मुलांनी आमच्या दोन्ही बाजूंनी दोरी धरली, आम्ही न सांगता.

वारजे
सगळं वाचलं. लिहायला अजून धीर होत नाही. मी बसस्टॉप बदलला, एवढंच.

सिंहगड रोड
एक बाइकवाला सिग्नलला "नंबर दे" म्हणायचा. तोंडावर नाही म्हटलं, तरी रोज सोसायटीच्या गेटपर्यंत मागे. चौकीत विचारलं, "हात लावला का? नाही ना, मग?" वकील मावसबहिणीने सांगितलं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ला हात लावावा लागत नाही. स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं हाच गुन्हा, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद. शिवाय अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. दुसऱ्या दिवशी ती सोबत आली आणि तक्रार घेतली गेली. आमचे वॉचमनकाकाही आले. गेटवरच्या वहीत त्यांनी त्या गाडीचा नंबर तारखांसकट लिहून ठेवला होता. जबाबावर सही करताना म्हणाले, "रोज बघत होतो, ताई."