माईक मुका, की-बोर्ड पोकळ, स्पीकरमध्ये घूंऽऽ – जोडणीत चूक कुठे?

पहिलाच_ट्रॅक:
घरी गाणं आणि की-बोर्ड रेकॉर्ड करायचाय. सामान: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक-वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), कंडेन्सर माईक (बाहेरून वीज लागणारा), की-बोर्ड, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर, विंडोज लॅपटॉप.

माईकची केबल एका टोकाला एक्सएलआर (तीन पिनांचं गोल टोक), दुसऱ्या टोकाला ६.३५ मिमीची जाड पिन अशी आहे, ती इनपुट १ मध्ये. ४८ व्होल्टचं बटण चालू आहे, तरी आवाज नाही. की-बोर्डच्या हेडफोन सॉकेटातून स्टिरिओ केबल इनपुट २ मध्ये. आवाज येतो, पण पोकळ, खर्ज तर गायबच. स्पीकर लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटला आहेत आणि चार्जर लावला की घूं सुरू होतं. काय बदलू?

तारजोड:
इंटरफेस ठीक दिसतोय, घोळ केबलींचा आहे.

इनपुटचं सॉकेट नीट पाहा. मधलं मोठं भोक जाड पिनेसाठी, त्याभोवतीची तीन छोटी भोकं एक्सएलआरसाठी. ४८ व्होल्ट फक्त त्या तीन भोकांवर येतात: २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखेच, आणि परतीची वाट १ नंबरची. जाड पिनेवर ते पोचतच नाहीत, आणि कंडेन्सर माईक त्या विजेशिवाय चालत नाही. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल घ्या. जोडताना क्रम पाळा: स्पीकरचा आवाज शून्यावर, ४८ व्होल्ट बंद, केबल लावा, मग ४८ व्होल्ट चालू. काढताना आधी ४८ व्होल्ट बंद करून अर्धा मिनिट थांबा.

की-बोर्डचं दुखणं जास्त फसवं आहे. स्टिरिओ हेडफोनची पिन आणि बॅलन्स्ड केबलची (एकच आवाज दोन तारांवर, एकीवर उलटा करून नेणारी) पिन हुबेहूब एकसारखी दिसते, दोन्हींवर दोन काळ्या रेघा. पण हेडफोन सॉकेट टोकावर डावा आणि मधल्या कड्यावर उजवा आवाज देतं, तर बॅलन्स्ड इनपुट त्या दोन्हींमधला फक्त फरक उचलतं. खर्जाचे सूर बहुधा दोन्हींकडे सारखे असतात. सारख्यातून सारखं वजा झालं की उरतं काय? तुम्हाला ऐकू येतंय तेच.

उपाय: की-बोर्डच्या मागे ‘एल/मोनो’ लिहिलेलं आउटपुट असेल, तर एकच काळी रेघ असलेली साधी केबल तिथून इनपुट २ मध्ये लावा. ‘आर’ रिकामं ठेवा, म्हणजे बहुतेक की-बोर्ड दोन्ही बाजू आतच एकत्र करून देतात. इनपुट २ ‘लाइन’वर (की-बोर्डसारख्या उपकरणांसाठी) हवं, ‘इन्स्ट’वर (थेट गिटारसाठी) नको. स्टिरिओच हवं असेल तर आधी की-बोर्ड दोन्ही इनपुट वापरून रेकॉर्ड करा आणि गाणं नंतर त्यावर घ्या.

शांत_खोली:
घूंबद्दल. चार्जर काढल्यावर थांबत असेल तर तो बहुतेक अर्थिंगचा फेरा आहे. लॅपटॉप आणि स्पीकर दोन वाटांनी अर्थला जोडलेत, वर ऑडिओ केबलच्या जाळीनेही जोडलेत, आणि त्या फेऱ्यात विजेची गुणगुण शिरते. स्पीकर लॅपटॉपवरून काढा. इंटरफेसच्या मागच्या दोन लाइन आउटपुटांतून दोन बॅलन्स्ड केबली थेट दोन स्पीकरना द्या आणि सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. उपकरणात बिघाड झाला तर शॉकपासून वाचवणारी तीच पिन आहे.

चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. नाहीतर ‘धप्’ आवाजाचा धक्का थेट स्पीकरच्या कोनला, म्हणजे आतल्या थरथरणाऱ्या पडद्याला बसतो.

पहिलाच_ट्रॅक:
माईक बोलला, खर्ज परत आला! घूंही गेलं. आता गाताना हेडफोनमध्ये माझा आवाज दोनदा येतो, दुसरा किंचित मागून. आणि गेन (इनपुटची पातळी वाढवणारं बटण) किती ठेवू?

तारजोड:
एक आवाज इंटरफेसमधून थेट येतोय, दुसरा लॅपटॉपला वळसा घालून. इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा.

गाताना रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) ऐकायचाच असेल तर उलट करा: डायरेक्ट बंद, सॉफ्टवेअरचं चालू, आणि सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) निवडून बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने (सॅम्पल), १२८ ठेवा. ४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१ च्या वर. जाऊन-येऊन एकूण उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्तच धरा. १२८ वर तडतड ऐकू आली तर २५६ करा.

गेन लावताना गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण आवाजात गा, गुणगुणून बघू नका. मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पातळी आणखी चढवून काही मिळत नाही, पण शून्याला टेकलेला सूर फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

शांत_खोली:
गाताना स्पीकर बंद आणि बंद कपांचे हेडफोन घाला. उघड्या हेडफोनमधून की-बोर्ड माईकमध्ये झिरपतो आणि मग गाण्याच्या ट्रॅकमधून तो वेगळा काढता येत नाही.