वयात आलेल्या मुलांना टॅबलेटच्या पडद्यावर प्रश्न : कुणी वापरलंय का?

मुलांचीडॉक्टर_सिंहगडरोड: 14-15 वर्षांच्या मुली 'अंगावरून पांढरं जातं' म्हणून येतात. मी विचारते मुलीला, उत्तर देते आई. आत येण्याआधी मुलीनेच टॅबलेटवर काही प्रश्नांची उत्तरं द्यावीत असं मनात आहे. मराठीत काय वापरावं?

समुपदेशक_हडपसर: डॉक्टर, करा, नक्की करा. तोंडाने न सांगितलेलं मुलं पडद्यावर सांगतात. पण आधी आईला बाहेर बसवायची रीत पाडा. 'दहाच्या पुढच्या प्रत्येक मुलाशी मी पाच मिनिटं एकटीने बोलते' असं सगळ्यांनाच सांगा, म्हणजे कुणा एकीवर संशय घेतल्यासारखं होत नाही. प्रश्न हेडफोनवर ऐकू येऊ द्या. उत्तर दिलं की ते पडद्यावरून गेलं पाहिजे. सुरुवात घर, शाळा, जेवण, मित्र अशी. शरीरसंबंधांचं पार नंतर. आणि उत्तरं तुम्ही त्याच भेटीत वाचायला हवीत. मनातलं सांगूनही डॉक्टर त्यावर काही बोललेच नाहीत, तर ते मूल पुन्हा कुणाला सांगणार नाही.

कोथरूडचा_प्रोग्रामर: कोबो टूलबॉक्स बघा, प्रश्नावली बनवायचं सॉफ्टवेअर आहे. मराठी चालतं, आवाज जोडता येतो, नेट नसलं तरी चालतं. 'नाही' म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप गळतात. लिंक फोनवर मात्र पाठवू नका, तो फोन घरात सगळेच बघतात. नाव न घेता केसपेपरचा नंबर घ्या. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या (डेटा) कायद्यात 18 खालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती सांगितली आहे, दवाखान्याला ती कितपत लागू होते ते वकिलाला विचारून घ्या.

समुपदेशक_हडपसर: एक राहिलंच. पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे, 18 खालच्या मुलाचा शरीरसंबंध कळला की पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, दोघांच्या मर्जीने असला तरी. हे प्रश्नांच्या आधी सांगा. 'गुप्त राहील' म्हणून नंतर पोलीस दारात आले तर त्या मुलीचा विश्वास कायमचा गेला. क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून होणाऱ्या संसर्गाला बहुतेकदा लक्षणंच नसतात, लघवीच्या तपासणीत सापडतो. कुठली लॅब करते ते आधीच ठरवून ठेवा. एचआयव्ही तपासणी सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत आहे, पण 18 खाली पालकांची संमती लागते.

मुलांचीडॉक्टर_सिंहगडरोड: पॉक्सोचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्याच पडद्यावर घालते, सोप्या शब्दांत, आणि स्वतःही सांगते. दवाखाना एका खोलीचा आहे हो, बाहेर बाकावर सगळे चिकटून बसतात. अशा जागेत आडोसा कुणी कसा केलाय?