मदत हवी आहे : अतिवृष्टीच्या दिवशी परीक्षा आणि वसतिगृहांबाबतचा निर्णय

सप्रेम नमस्कार. मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात काम करतो आणि आपत्ती व्यवस्थापनाचा लेखी आराखडा तयार करण्याचे काम यंदा आमच्या समितीकडे आले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना आणि गोदावरीला पूर आला, तेव्हा पहाटे गावाहून निघालेले आमचे काही विद्यार्थी पुलाच्या अलीकडेच अडकले आणि परीक्षा पुढे ढकलल्याची सूचना त्यांना फार उशिरा मिळाली; हे पुन्हा घडू नये, अशी माझी तळमळ आहे.

चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक झालेल्या पावसाला हवामान विभाग ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतो, मात्र ओढ्यापलीकडच्या गावाची वाट त्याहून कितीतरी कमी पावसातही बंद होते. मग नारिंगी इशारा मिळताच, आदल्या सायंकाळीच परीक्षा पुढे ढकलावी का? हा अधिकार कुलसचिवांकडे असावा की परीक्षा संचालकांकडे?

वसतिगृहात पिण्याचे पाणी, धान्य आणि जनरेटरचे डिझेल आपण किती दिवसांचे राखून ठेवता? विजांच्या पूर्वसूचनेसाठी आम्ही ‘दामिनी’ अ‍ॅप पाहतो, परंतु मैदानावरील सराव नेमका कोणी थांबवायचा, हे ठरलेले नाही. ज्यांच्याकडे असा आराखडा प्रत्यक्ष वापरला गेला आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.